मोटारीतील स्टिरिओ व मार्गदर्शक यंत्र : जोडणी आणि दोषशोधन

(ग्वाल्हेर येथे मराठी भाषिक वाहनमालक, मोटार-वायरमन व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोटारीत बसून गाणे ऐकावे ही हौस फार जुनी आहे. अमेरिकेत १९३० साली गॅल्विन कंपनीने मोटारीसाठी रेडिओ विकावयास काढला व त्याला ‘मोटोरोला’ असे नाव दिले. पुढे तेच नाव कंपनीने धारण केले. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट आणली आणि रेडिओच्या शेजारी टेप आला. वाट दाखविणाऱ्या यंत्राचा प्रवासही असाच आहे. जपानमध्ये होंडा कंपनीने १९८१ साली उपग्रहांच्या मदतीविना, केवळ गायरोस्कोपच्या आधारे चालणारे मार्गदर्शक यंत्र मोटारीत बसविले होते. आज ही दोन्ही कामे एकाच पडद्यावर होतात, आणि तो पडदा मोटार घेतल्यानंतर बाजारातून विकत घेऊन बसवून घेणारे लोक आपल्या आसपास पुष्कळ आहेत.

ग्वाल्हेरमध्ये तर या विषयाला विशेष महत्त्व आहे. माधवराव शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेला येथील मेळा आरंभी गुराढोरांच्या खरेदी-विक्रीचा होता. पुढे त्याला व्यापारी मेळ्याचे रूप आले. अलीकडील अनेक मेळ्यांत राज्य शासनाने वाहन-करात पन्नास टक्के सूट दिल्यामुळे दूरदूरची मंडळी येथे येऊन मोटारी घेतात. नवी मोटार घेतली की त्याच आठवड्यात स्टिरिओ, पडदा, अँप्लिफायर व वूफर बसविण्याची घाई होते. आजचे विवेचन या घाईच्या संदर्भात आहे.

मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे : अशा यंत्रांत जे बिघाड दिसतात ते बहुधा यंत्राचे नसतात, जोडणीचे असतात. म्हणून जो कारागीर आधी मोजतो आणि मग उघडतो, त्याच्या हातून ग्राहकाचे पैसे वाचतात. आणि प्रसंगी त्याची मोटार व तिच्यातील माणसेही वाचतात.

वीज येते कोठून, परतते कशी

मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची म्हणविली जाते. इंजिन बंद असताना ती पूर्ण भारित स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, आणि इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटरमुळे हा आकडा साधारणतः १३.८ ते १४.४ वर जातो. कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी हे दोन आकडे मल्टिमीटरने पाहून कागदावर लिहून ठेवावेत. बॅटरीच अशक्त असेल तर स्टिरिओला दोष देण्यात अर्थ नाही.

तारेची जाडी हा दुसरा विषय. उदाहरणादाखल, ४० अँपिअर घेणारा अँप्लिफायर डिकीत बसविला आणि बॅटरीपासून तेथवर पाच मीटर तार लागली असे समजू. तांब्याची तार २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर तिच्यात सुमारे १.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतील आणि ५६ वॅट इतकी उष्णता त्या तारेत, म्हणजे पायाखालच्या गालिच्याखाली निर्माण होईल. तीच तार ८ चौरस मिलिमीटरची घेतली तर व्होल्टची घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तारही तांब्याची म्हणून विकली जाते. तिचे टोक पात्याने खरवडले की आतील पांढुरका धातू उघडा पडतो. तिचा विद्युतरोध शुद्ध तांब्याच्या जवळजवळ दीडपट असल्याने तिच्यावरील जाडीचा आकडा पाहून फसू नये.

फ्यूजविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. अँप्लिफायरच्या तारेवरील फ्यूज यंत्राच्या रक्षणासाठी आहे, असे अनेकांना वाटते. वास्तविक तो तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणूनच तो अँप्लिफायरजवळ नव्हे, बॅटरीजवळ, सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत असावा लागतो. फ्यूज डिकीत बसविला आणि इंजिनच्या पत्र्यातून आत येणारी तार वाटेत घासून पत्र्याला टेकली, तर बॅटरीची सर्व शक्ती त्या तारेतून वाहील आणि तो फ्यूज काहीही करू शकणार नाही. पत्र्यातील छिद्राला रबरी ग्रोमेट नसणे आणि फ्यूज चुकीच्या जागी असणे, या दोन उणिवा एकत्र आल्या की मोटारीला आग लागण्यास आणखी काही लागत नाही. वारंवार जाणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा नुसती तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठविण्यासारखेच आहे.

वीज जशी येते तशीच ती परत गेली पाहिजे. अर्थिंगची तार आखूड असावी आणि रंग खरवडलेल्या, स्वच्छ, उघड्या पत्र्याला बोल्टने घट्ट कसलेली असावी. तिची परीक्षा सोपी आहे. स्टिरिओ मोठ्याने वाजत असताना मल्टिमीटरचे एक टोक त्याच्या काळ्या तारेला व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. व्होल्टचा आकडा ०.२ च्या वर गेला, तर अर्थिंगमध्ये उणीव आहे असे निश्चित समजावे.

रंगांची भाषा आणि तिच्या मर्यादा

बाहेरून घेतलेल्या स्टिरिओच्या तारांचे रंग आता बहुतांशी ठरून गेले आहेत. पिवळी तार कायम विजेची. तिच्यावर घड्याळ व स्मरण चालते. लाल तार किल्ली फिरविल्यावर जिवंत होणारी. काळी अर्थिंगची. निळी, पांढऱ्या पट्ट्याची तार अँप्लिफायरला जागे करण्यासाठी. पांढरी व करडी या पुढच्या डाव्या व उजव्या स्पीकरच्या, तर हिरवी व जांभळी या मागच्या. त्यांच्याच काळ्या पट्ट्याच्या जोडीदार तारा ऋण बाजूच्या.

या भाषेचे ज्ञान असले की काही तक्रारी न उघडताच ओळखू येतात. मोटार बंद केली की घड्याळ आणि स्टेशने विसरली जातात, अशी तक्रार आली तर पिवळी व लाल यांची अदलाबदल झाली आहे असे प्रथम तपासावे. काही कंपन्यांच्या मोटारींत या दोन तारांच्या जागा मुळातच उलट असतात. याउलट दोन्ही तारा कायम विजेवर जोडल्या असतील तर स्टिरिओ कधीच पूर्ण झोपत नाही व बॅटरी उतरते. ३५ अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीतून अर्धा अँपिअर अखंड जात राहिला तर ती ७० तासांत, म्हणजे तीन दिवसांच्या आतच, रिकामी होईल. बाहेरगावी जाऊन आलेल्या मालकाला मोटार सुरू होत नसल्याचे आढळते, त्याचे हे एक कारण. या दोषाचा शोध घेताना अँपिअर मोजणारे मीटर बॅटरीच्या ऋण तारेत ओळीने जोडावे, मोटारीतील सर्व यंत्रणा झोपी जाईपर्यंत अर्धा तास थांबावे आणि मग एकेक फ्यूज काढून पाहावा. सर्वसाधारण मोटारीत शेवटी उरणारा प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आत असावा.

तथापि कंपनीच्या मूळ तारांना हा रंगसंकेत लागू नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. विशेषतः अपघातात फुगणाऱ्या सुरक्षा-उशीच्या, म्हणजे एअरबॅगच्या तारा व कप्लर हेही बहुधा पिवळेच असतात. त्यांना टेस्ट-लॅम्प किंवा मल्टिमीटर लावणे अत्यंत धोक्याचे आहे. मीटरमधील अल्प प्रवाहानेही उशी फुटू शकते. शिवाय नव्या मोटारींत किल्लीची सूचना स्वतंत्र तारेने न येता संदेशवाहिनीवरून येते. अशा मोटारीत तारा कापून ‘जिवंत’ तार शोधीत बसण्यापेक्षा त्या नमुन्यासाठी मिळणारा कप्लर व जोड-पेटी घ्यावी. मूळ तारा अखंड राहिल्या म्हणजे कंपनीच्या हमीविषयी वाद निघण्याचा प्रसंगही टळतो.

ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि सांधे

पुस्तकात सहसा न आढळणारा एक मुद्दा येथे सांगणे अगत्याचे आहे. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीचा डॅशबोर्ड त्याहूनही कितीतरी अधिक तापतो. दोन तारा पिळून त्यावर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत अशा हवेत टिकत नाही. टेपचा चिकटपणा वितळतो, ती घसरते, आणि उघडा सांधा डॅशबोर्डमागील लोखंडी पट्टीला टेकतो. जानेवारीत मेळ्याच्या दिवसांत उत्तम वाजणारा स्टिरिओ मे महिन्यात अकस्मात बंद पडतो तो अशाच एखाद्या सांध्यामुळे. कारागीर मात्र ‘सेट जळाला’ असे सांगून मोकळा होतो.

उपाय खर्चिक नाही. सांधा डाग देऊन किंवा योग्य मापाचे टोक दाबून करावा, त्यावर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी, आणि तारांचा जुडगा पट्टीने बांधून ठेवावा, म्हणजे खड्ड्यांच्या हादऱ्याने तो हलणार नाही. ज्या मोटारी दिवसभर उघड्यावर उभ्या असतात त्यांच्या मालकांनी पडद्यावर कापड टाकून ठेवण्याची सवय लावावी.

आवाजातील दोष

ग्वाल्हेर हे ख्यालगायकीच्या सर्वांत जुन्या घराण्याचे गाव. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी येथील विद्या महाराष्ट्रात नेली, हे आपण सर्व जाणताच. या गावच्या रसिकाला तंबोऱ्याचा खर्ज मोटारीत ऐकू आला नाही तर ते त्याच्या लगेच ध्यानात येते. तो न ऐकू येण्याचे कारण पुष्कळदा साधे असते. दोहोंपैकी एका स्पीकरच्या धन व ऋण तारा उलट जोडलेल्या असतात. एक पडदा बाहेर ढकलतो त्या क्षणी दुसरा आत ओढतो, आणि खालचे स्वर एकमेकांना खोडून टाकतात. मग ग्राहकाला वूफर घेण्याचा सल्ला मिळतो. त्याआधी स्पीकरच्या तारा सेटपासून सोडवून दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर त्यांना लावून पाहावा. सेलचे धन टोक धन तारेला असता प्रत्येक स्पीकरचा पडदा बाहेरच्या दिशेने उचलला गेला पाहिजे.

इंजिनच्या गतीबरोबर चढत जाणारी शीळ ऐकू येत असेल तर ती बहुधा दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील फरकामुळे, अथवा विजेची जाड तार व आवाजाची नाजूक तार एकाच बाजूने नेल्यामुळे येते. दोन्ही तारा मोटारीच्या दोन वेगळ्या कडांनी न्याव्यात आणि अर्थिंग सुधारावे. शीळ दाबणारे फिल्टर बसविणे हा त्यानंतरचा उपाय आहे; आरंभीच ते बसविल्यास मूळ दोष झाकला जातो.

जुन्या मोटारींच्या मालकांसाठी एक इशारा. पूर्वीच्या काही रेडिओंत स्पीकरची ऋण तार थेट पत्र्याला जोडीत असत. आजच्या सेटमध्ये स्पीकरची दोन्ही टोके जिवंत असतात. जुन्या तारांना नवा सेट तसाच जोडला तर त्याचा आउटपुट विभाग निकामी होतो. अशा मोटारीत प्रत्येक स्पीकरला दोन नव्या तारा ओढणे हाच सुरक्षित मार्ग होय.

खोक्यावरील वॅटच्या आकड्याविषयीही दोन शब्द. १४.४ व्होल्टवर चालणारा सेट चार ओहमच्या एका स्पीकरला, गणिताने पाहता, शुद्ध आवाजाचे जास्तीत जास्त सुमारे २६ वॅट देऊ शकतो. व्यवहारात तेही मिळत नाहीत. तेव्हा ‘चार गुणिले पन्नास’ किंवा त्याहून मोठे आकडे पाहून अधिक किंमत देण्यापूर्वी सेटच्या पाठीवरील फ्यूज पाहावा. तो १० अँपिअरचा असेल तर सर्व मिळून १४४ वॅटहून अधिक वीज तो सेट सतत घेऊच शकत नाही. मग देणार कोठून?

वाट दाखविणारे यंत्र

आता मार्गदर्शक यंत्राकडे वळू. अमेरिकेची जी.पी.एस. उपग्रहमाला पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरते. मे २००० पर्यंत नागरी वापरासाठीच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळली जात असे. ती प्रथा बंद झाल्यावर मोटारीत हे यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगी झाले. आपल्या इस्रोने २०१३ ते २०१६ या काळात प्रादेशिक मालेतील पहिले सात उपग्रह सोडले व या मालेला ‘नाविक’ हे नाव मिळाले. स्थान ठरविण्यास किमान चार उपग्रहांचा संकेत लागतो. तो पृथ्वीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की त्याची शक्ती एका वॅटच्या, एकावर सोळा शून्ये दिलेल्या भागाइतकी उरते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ च्या शिलालेखात शून्य कोरलेले आहे. त्या गावाला हा आकडा समजावून सांगण्याची गरज नाही.

इतका क्षीण संकेत घेणारा अँटेना कोठे बसवावा, हा म्हणूनच मुख्य प्रश्न ठरतो. त्याला आकाश दिसले पाहिजे. डॅशबोर्डच्या आत, लोखंडी पट्टीखाली किंवा धातुमिश्रित फिल्म लावलेल्या काचेमागे तो निरुपयोगी होतो. स्वस्त डॅश-कॅमेऱ्यातून निघणारा विद्युत-गोंगाटही त्याला त्रास देतो. कॅमेरा बंद करताच स्थान स्थिर झाले तर निदान झाले. अँटेनाची तार पुढील खांबावरून नेताना ती पडदा-एअरबॅगच्या समोर येणार नाही, अशी मागील बाजूने न्यावी. बसविल्यानंतर पहिल्या वेळी मोटार उघड्या जागी दहा-पंधरा मिनिटे उभी ठेवावी. सर्व उपग्रहांचे वेळापत्रक उतरवून घेण्यास जी.पी.एस.ला साडेबारा मिनिटे लागतात. गॅरेजच्या पत्र्याखाली ‘सिग्नल येत नाही’ असे म्हणून सेट परत करणे हे त्याच्यावर अन्याय करणे होय.

या यंत्राच्या तक्रारी दोन निराळ्या जातींच्या असतात. एक स्थानाची, दुसरी नकाशाची. उरवाई घाटातून किल्ल्यावर जाताना पडद्यावरील बाण इकडेतिकडे उड्या मारू लागला तर तो बिघाड नव्हे. दोन्ही बाजूंच्या उंच कातळाने आकाशाची केवळ पट्टी शिल्लक राहते आणि संकेत दगडावर आपटून उशिरा पोहोचतात. वर पठारावर येताच बाण आपोआप जागी येतो. याउलट लष्करातील जुन्या पेठेत बाण अचूक गल्लीवर असतो, पण त्या गल्लीतून मोटार जातच नाही. येथे उपग्रहाचा दोष नाही. नकाशाला गल्लीची रुंदी ठाऊक नाही. पहिल्या तक्रारीवर अँटेना पाहावा, दुसरीवर नकाशा अद्ययावत करावा. कारागिराने हा भेद न केल्यास तो नको ते यंत्र बदलीत बसेल.

नकाशावरील आंधळा विश्वास प्राणावर बेततो, याची उदाहरणे आहेत. जानेवारी २०२१ मध्ये त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात यंत्राने दाखविलेल्या रस्त्याने रात्री जाणारी मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली व चालकाचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील, पुराने तुटलेल्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे दगावले. दोन्ही ठिकाणी उपग्रहांनी स्थान चुकीचे सांगितले नव्हते. रस्ता पुढे नाही, हे मात्र यंत्राला माहीत नव्हते. रात्री, पावसात किंवा आपल्याकडील हिवाळी धुक्यात अनोळखी रस्त्यावर रहदारी एकाएकी नाहीशी झाली, तर यंत्र काहीही म्हणो, थांबून माणसाला विचारावे.

पडदा आणि डोळे

मोठ्या पडद्याच्या सेटला हातब्रेकची एक तार असते. ब्रेक ओढलेला असेल तरच पडद्यावर चित्रपट दिसावा, ही तिची योजना. ग्राहकाच्या आग्रहावरून ती तार कायमची पत्र्याला जोडून देण्याची रीत पडली आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाचे डोळे दोन सेकंद पडद्यावर रेंगाळले तर मोटार तेवढ्यात ३३ मीटर न पाहिलेल्या रस्त्यावरून गेलेली असते. हे ‘काम’ करून देण्यास कारागिराने नम्रपणे नकार द्यावा. कायद्याची दृष्टीही याच दिशेची आहे. हातातील संपर्कसाधन वापरीत वाहन चालविणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे मोडते. आणि २०२० च्या नियमदुरुस्तीने असे साधन केवळ मार्गदर्शनासाठी, तेही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने वापरण्यास मुभा दिली आहे. म्हणून मार्ग निघण्यापूर्वी भरावा, आवाजी सूचना चालू ठेवाव्यात, आणि मोबाइल धरणारा स्टँड समोरच्या काचेवर दृष्टी अडेल अशा जागी किंवा एअरबॅगच्या झाकणावर कधीही चिकटवू नये.

ग्राहकाने काय विचारावे, कारागिराने काय द्यावे

ग्राहकाने चार गोष्टी विचाराव्यात : फ्यूज कोठे आणि किती क्षमतेचा, तार कोणत्या धातूची आणि किती जाडीची, कंपनीच्या तारा कापणार की कप्लर लावणार, आणि कामाचे बिल मिळणार की नाही. कारागिराने काम झाल्यावर बॅटरीचे व्होल्ट, बंद मोटारीतील प्रवाह व फ्यूजची जागा एका चिठ्ठीवर लिहून मोटारीच्या कागदपत्रांत ठेवावी. पुढे दुसऱ्या कोणाच्या हाती ती मोटार गेली तरी ही चिठ्ठी त्याच्या उपयोगी पडेल.

विद्यार्थी मित्रांना मला शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटारीच्या विद्युत व इलेक्ट्रॉनिक कामाचे शिक्षण आज मिळते. त्याचा लाभ घ्या. आपल्याकडे अनुभवी उस्तादाच्या कानाला आणि हाताला मान आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु मोटारीतील संदेशवाहिनी कानाला ऐकू येत नाही आणि अर्ध्या अँपिअरची गळती हाताला लागत नाही. तेथे मीटरच बोलते. उस्तादाचा अनुभव आणि मीटरचा आकडा या दोहोंची सांगड ज्याच्या कामात पडेल, त्याच्या दुकानातून बाहेर पडणारी मोटार पुढच्या मे महिन्यातही गात राहील, आणि तिच्यातील मंडळी निर्धास्तपणे घरी पोहोचतील.